आमच्या घराण्यात वेड नाही

नवीन पनवेल,
२९ जानेवारी २०२४

श्रीमती चंद्रावतीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचा तिळगूळ पोचला. लाडू जरा कडक होते, पण चव चांगली होती. यांनी तर कवळी काढून ठेवून चघळले.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी चिडते, तुम्ही रडता आणि मुद्दा राहून जातो. शिवाय मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यामुळे महत्त्वाचं बोलणं लेखी असावं अशी सवय लागली आहे. राग मानू नये.

विषय चारुताचा आहे. लग्नाला चार वर्षं झाली, पण तुमच्या लेकीबद्दल चार लोकांत मी कधी वावगा शब्द काढलेला नाही. दिवाळीपासून मात्र तिचं काहीतरी बिनसलं आहे. आधी नुसतं डोकं दुखायचं. मग झोप गेली. बेलापूरच्या ऑफिसात साहेबांना वाटेल ते बोलली, म्हणून सध्या घरीच आहे. भिंतीकडे बघून हसते, कपाटं उघडून आत कोणी आहे का ते बघते. राजसने तिला एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी संशयाचा आजार सांगितला आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगते आणि संशय तेवढा जागा राहतो.

परवा माझ्याकडे हळदीकुंकू होतं. सगळी सोसायटी जमली होती. चारुता वाण द्यायला उठली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "या घरात काही खाऊ नका. बाबा पोह्यांत काहीतरी कालवतात." बाबा म्हणजे आमचे हे. आम्हाला मुलगी नाही म्हणून ज्यांनी हिलाच मुलगी मानलं, ते. आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून मोकळेपणी विचारते. लग्नाआधी असं काही होतं का? तुमच्या बाजूला कोणाला? असेल तर सांगून टाकावं, हल्ली त्यात लाजण्यासारखं काही राहिलेलं नाही. आमच्या घराण्यात वेड नाही, त्यामुळे आम्हाला यातलं काही कळत नाही, इतकंच.

आपली,
सौ. नीता


मिरज,
५ फेब्रुवारी

सौ. नीताताईंस,
नमस्कार.

लाडू कडक झाले खरे. पाक करताना तुमची आठवण झाली असावी.

चारुता बारा वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्या वेळी मी जमिनीवर पडून होते आणि ही पोर आल्यागेल्याला पाणी देत होती. तिचं डोकं माझ्यापेक्षा आणि, रागावू नका, तुमच्या राजसपेक्षाही शांत आहे. आमच्या घराण्यातही वेड नाही. तुम्हाला लेखी आवडतं म्हणून लिहून देते. मिरजेत दर दुसऱ्या दारावर डॉक्टरची पाटी आहे. इथे साधं गळू झालं तरी लपत नाही, वेड कुठून लपणार?

चांगली धडधाकट मुलगी मी तुमच्याकडे पाठवली होती. चार वर्षांत ती अशी झाली. रोप वाळलं तर लोक माती बघतात. तुम्ही थेट बियाणं विकणाऱ्याला पत्र लिहिलंत. ती सकाळी सातला घर सोडायची आणि रात्री आठला परत यायची, रविवारी तरी तिला कोणी झोपू देत होतं का, हे मला ठाऊक नाही.

तिला माझ्याकडे पाठवा. तुमच्या सोसायटीला पुढच्या हळदीकुंकवाला काही कमी पडणार नाही.

आपली,
चंद्रावती


नवीन पनवेल,
२१ फेब्रुवारी

श्रीमती चंद्रावतीबाईंस,

राजस चारुताला तुमच्याकडे सोडून आला, आणि आल्यापासून कोणाशी धड बोललेला नाही. शेवटी मी खोदून विचारलं. तुमच्या दारात तो गाडीतून सामान काढत असताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला विचारलं म्हणे, "अगंबाई, हिचंही आत्यासारखंच झालं का हो?"

तर या आत्या कोण, हे आता आम्हाला कळलं आहे. तुमच्या नणंदबाई. कित्येक वर्षं मनोरुग्णालयात होत्या आणि तिथेच गेल्या. तुमच्या पाच फेब्रुवारीच्या पत्रातलं "आमच्या घराण्यातही वेड नाही" हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित करून ठेवलं आहे.

माझे मावसभाऊ अविनाश वकिली करतात. त्यांचं म्हणणं, अशी गोष्ट लपवून लग्न लावलं असेल तर कोर्टात जाता येतं. मला कोणाचं वाईट करायचं नाही. पण राजस चौतीस वर्षांचा आहे, त्याचं आयुष्य पडलं आहे. उद्या मूल झालं तर तेही असंच निपजेल, या भीतीने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. गुढीपाडव्यापर्यंत तुमचं काय ते उत्तर यावं. त्यानंतर वकिलांचं पत्र येईल.

सौ. नीता


मिरज,
६ मार्च

नीताताई,

होय, नणंद होती. मी लपवलं. सांगितलं असतं तर तुम्ही सोयरीक केली असती का, याचं उत्तर लेखी पाठवा. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून चारुताचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांसमोर नणंदेचा चेहरा येत होता. तुम्हाला "वेड नाही" असं ठणकावून लिहिलं आणि देवघरात जाऊन रडले. मलाही खात्री होती की आत्याचंच हिच्यात उतरलं.

आता पुढचं ऐका. गेल्या महिन्याच्या शेवटी ती परसात फुलं तोडायला गेली आणि कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजारच्यांनी कोणी कांदा आणला, कोणी चप्पल आणली. मी रिक्षा आणली. इस्पितळात तिच्या डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूत साबुदाण्याएवढे ठिपके आहेत, एकदोन नव्हेत, चांगले पसरलेले. मला पडद्यावर दाखवले.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण समजावून सांगतात. डुकराच्या मांसातून येणारा एक पट्टकृमी असतो. कच्चं मांस खाल्लं की तो त्या माणसाच्या आतड्यात वाढतो आणि त्या माणसाला फारसं काही होतही नाही. पण कृमीची अंडी शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत तर ती दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून मेंदूत जाऊन बसतात. खाणारा मजेत, भोगणारा भलताच. वर्षानुवर्षं गप्प राहतात, मग कधी फिट येते, कधी डोकं दुखतं, कधी माणूस नुसता वेड्यासारखा वागू लागतो. डोक्याचा फोटो काढेपर्यंत ते वेड नाही हे कळायला मार्गच नसतो, असं त्या म्हणाल्या.

फिट थांबवायचं औषध चालू आहे, सूज उतरवायचं चालू आहे, मग किडे मारायचं चालू होईल. बरी होईल म्हणतात. मी तीन वेळा विचारून घेतलं.

तेव्हा वकिलांना कळवा, वेड नाही, किडा आहे. आणि पनवेलच्या घरातल्या प्रत्येकाने शौचाची तपासणी करून घ्यायची आहे. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी सोबत जोडली आहे. लेखी आहे.

चंद्रावती


नवीन पनवेल,
१४ मार्च

श्रीमती चंद्रावतीबाईंस,

चारुताला आराम पडो, ही देवाजवळ प्रार्थना. ती मी रोज करते.

आता चिठ्ठीबद्दल. डुक्कर हा शब्द माझ्या घरात तुमच्या पत्रातून पहिल्यांदा आला. आमच्याकडे अंडं येत नाही. केक आणायचा तरी मी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघते. प्यायला शुद्ध केलेलं पाणी, भाजी मिठाच्या पाण्यातून काढलेली, चप्पल बाहेर. अशा घरातल्या माणसांनी डबीत काय घालून कुठे द्यायचं म्हणता? तुमच्या डॉक्टरीणबाईंनी आधी चारुताच्या ऑफिसचं कँटीन बघावं, स्टेशनबाहेरची पाणीपुरी बघावी, रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढवलेला पालक बघावा. आणि ती चार वर्षांची पनवेलकरीण असली तरी त्याआधी पंचवीस वर्षं मिरजेत जेवत होती, हेही विसरू नये.

राजसने चिठ्ठी यांच्यापुढे ठेवली. यांनी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि पक्षी बघायला निघून गेले. इतका अपमान झाला त्यांना. निवृत्त झाल्यापासून तो एकच विरंगुळा आहे. ऑफिसातले चार मित्र मिळून महिन्यातून एकदा कर्नाळ्याच्या बाजूला जातात आणि मुक्कामाला बेलपाड्याच्या बळीरामच्या शेतावर, नेऱ्याजवळ. दुर्बीण मीच वाढदिवसाला घेऊन दिली. चार वर्षांत एकाही पक्ष्याचं नाव यांना सांगता येत नाही, पण परत येतात ते तुकतुकीत होऊन.

आणि त्या माणसाचं प्रेम बघा. रविवारी सकाळी सगळ्यांसाठी दडपे पोहे करतात. खोबरं स्वतः खवतात, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर स्वतः चिरतात आणि हातानेच कालवतात. चमचा लावू देत नाहीत. यांच्या हाताला चव आहे, असं अख्खी सोसायटी म्हणते. मला कच्च्या कांद्याचं पित्त होतं आणि राजस बारापर्यंत अंथरूण सोडत नाही. चारुताच तेवढी दोन दोन बश्या खायची, बाबांना वाईट वाटू नये म्हणून. त्याच माणसावर तिने चारचौघींत आळ घ्यावा, हे मला अजून खुपतं.

पाडवा नऊ एप्रिलला आहे.

सौ. नीता


मिरज,
२० मार्च

नीताताई,

तुमचं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. पक्ष्यांपर्यंत त्या हसत होत्या. पोह्यांशी आले तेव्हा त्यांनी त्या चार ओळी परत वाचायला लावल्या आणि मग त्या हसल्या नाहीत.

शिजवलेल्या अन्नात ती अंडी मरतात. दडपे पोहे कोणी शिजवत नाही. तुमच्या यजमानांची, अवधूतरावांची, तपासणी सगळ्यांत आधी करा, असा निरोप आहे. त्यांचा स्वतःचा मेंदूही बघून घ्या म्हणाल्या.

चारुताच्या बोलण्याबद्दलही मी विचारलं. अन्नात कोणी काही घालतं असं अशा आजारात पुष्कळांना वाटतं, तिला काही दिसलं किंवा कळलं होतं असं नाही, असं त्या म्हणाल्या. असेल. मी शिकलेली बाई नाही. मला एवढंच दिसतं की त्या घरात खरं बोलणारी ती एकटी होती, आणि तिने ते बोलणं थांबवावं म्हणून तुम्ही तिला गोळ्या देत होतात. आणि मी इथे बसून नणंदेला दोष देत होते.

चंद्रावती


नवीन पनवेल,
१८ एप्रिल

प्रिय चंद्रावतीताई,

उत्तराला उशीर झाला. पाडव्याला गुढी उभारली, पण श्रीखंड आणवलं नाही.

तुमचं पत्र आलं त्यानंतरही मी आठवडाभर यांच्याशी त्याबद्दल बोलले नाही. म्हटलं, चाळीस वर्षं ओळखते या माणसाला. मग एका सकाळी बळीराम दारात उभा राहिला. त्याला वाटलं, भाऊ रुसलेत. म्हणाला, "वैनी, या खेपेला भाऊ फिरकलंच नाय. त्यांना सांगा, आता डुकराचा बेत नाय, कोंबडीच हाय. मागं पन मी बोललो, आत कच्चा हाय, जरा थांबा, पन तुमच्या सायबांना दम नाय." मी त्याला बसा म्हटलं, चहा टाकला आणि चहा उतू जाईपर्यंत ओट्याशी उभी राहिले. म्हणजे हे चार साहेब, ज्यांना घरी गॅस पेटवता येत नाही, शेतावर निखाऱ्यांवर डुक्कर भाजत होते. वरून करपलेलं आणि आतून कच्चं.

तपासणी झाली. काय निघालं ते लिहायला नको. एका गोळीचं काम होतं म्हणे. यांच्या डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. अहवाल हातात आला तेव्हा हे रडले. सासरे गेले तेव्हाही मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. "माझ्या हाताने," एवढंच म्हणत राहिले. आता स्वयंपाकघरात पाय टाकत नाहीत. माझा रागही काढायचा राहून गेला.

अविनाशला मी सांगितलं, काही करायचं नाही. चारुताला न्यायला मी स्वतः येईन, तुम्ही म्हणाल त्या दिवशी. तिच्यापुढे कसं उभं राहायचं ते मला कळत नाही, पण येईन.

एक विनंती मात्र आहे. नातेवाइकांत आणि सोसायटीत चारुताला मानसिक त्रास होता, असंच राहू द्यावं. हल्ली त्याला कोणी नावं ठेवत नाही, मोठमोठ्या लोकांना होतो. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला मी घरी जाऊन समजावून सांगितलं होतं, आणि सगळ्या इतक्या समजूतदारपणे वागल्या की विचारू नका. पण डुकराचं मी कोणाला काय समजावणार? हे सोसायटीच्या दत्तजयंतीचे प्रमुख आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्याकडे नणंदबाई होत्याच, त्यामुळे कोणाला खोटंही वाटणार नाही.

आणि खरं सांगू, यात चारुता काही एकटी नाही. शेजारची हेतल, एवढी गोड मुलगी, तीही अलीकडे विचित्र वागते. डोकं धरून बसते, भांडी आपटते, रात्र रात्र जागी असते. नवरा तिला सुरतेला माहेरी पाठवायच्या विचारात आहे आणि सासूबाई तर लग्नच मोडा म्हणतात. आजकाल दर घरात कोणी ना कोणी आहे. म्हणून म्हणते, चारुताचं वेगळं असं कोणाला काही वाटणार नाही.

तुमची,
नीता


मिरज,
२७ एप्रिल

ति. आईंस,
सा. न.

तुमचं पत्र आईने माझ्या हातात दिलं. "याचं उत्तर तू दे, माझी भाषा बिघडेल," म्हणाली.

मी बरी आहे. पुन्हा फिट आलेली नाही. आता एका वेळी एकच विचार डोक्यात येतो, याचं सुख कोणाला सांगून कळणार नाही. जानेवारीतलं बरंचसं पुसलं गेलं आहे, पण हळदीकुंकू आठवतं. बाबा आत होते हे मला माहीत होतं, आणि तरी मी मोठ्याने बोलले. त्याचं वाईट वाटतं. बाबांना सांगा, मी रागावलेली नाही. काल रागावले होते, उद्याही कदाचित रागावेन. पण पोहे त्यांनी मायेने कालवले होते आणि मी मायेने खाल्ले होते, त्यात कोणी खोटं नव्हतं.

लोकांनी मला वेडी म्हणावं, याला माझी तशी हरकत नव्हती. आत्याला तर मरेपर्यंत म्हणाले. तिच्या डोक्याचा फोटो कोणी काढला होता का, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. म्हणून तुमचं पत्र वाचताना मी मनात हो म्हणत गेले. राहू दे, बाबांची अब्रू राहील, असं म्हणत शेवटच्या परिच्छेदाशी आले.

आई, रविवारी तुम्ही देवळात असायचात आणि राजस झोपलेला असायचा. पोहे खाणारी मी एकटी नव्हते. हेतल यायची. ती कांदा खात नाही, म्हणून बाबा तिच्यासाठी बिनकांद्याचे वेगळे कालवायचे. ओट्याशी उभी राहून खायची, दोन वर्षं.

मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, डुकरासकट. आधी ती हसली. मग तिने मला विचारलं, "म्हणजे मी वेडी नाही?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही, कदाचित डोक्यात काहीच निघणार नाही, पण बघायला हवं. मंगळवारी तिची तपासणी आहे. राजस तिला आणि तिच्या नवऱ्याला गाडीने नेईल. वकिलाकडे जायला त्याला वेळ मिळाला होता, तसा इथेही मिळेल, असं मी त्याला सांगितलं आहे.

बाबांच्या हातचं खाल्लेले आणखी कोण कोण आहेत ते बाबांनाच आठवावं लागेल. त्यांना तेवढं काम द्या. नुसतं रडत बसण्यापेक्षा बरं.

राहिल्या हेतलच्या सासूबाई. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांचा दोष नाही, माझ्याबद्दल तुम्ही त्यांना घरी जाऊन समजावलं आहे. "वेड्यांचं ऐकून मी सुनेच्या डोक्याचे फोटो कशाला काढू, शेजारच्या नीताबेनना विचारते," म्हणाल्या. उद्या रविवार. पत्र कुरिअरने पाठवते आहे, तोवर त्या कदाचित येऊन गेलेल्या असतील, म्हणून याचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवरही टाकते. या वेळी लेखी आधी पोचलेलं बरं.

त्या विचारतील, आजकालच्या मुलींना असंच होतं ना हो? तुम्ही जे सांगाल ते त्या मानतील. तपासणी तर होईलच, ती त्यांच्या हातात नाही. पण हेतल त्या घरात परत आजारी माणूस म्हणून जाते की वेडी म्हणून, ते तुमच्या एका वाक्यावर आहे.

तुम्ही काय सांगितलंत ते मला हेतल संध्याकाळी कळवेल. मग मी पनवेलचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवीन.

आपली,
चारुता